रुखवतातली अमेरिका

मला भरतकाम येत नव्हतं, विणकाम येत नव्हतं. आठवीत असताना लोकरीचा एक मोजा सुरू केला होता, तो लग्नापर्यंत घोट्याच्या वर चढला नाही. आमच्या काळी मुलीचं लग्न ठरलं की बायका आधी रुखवतात काय मांडणार ते विचारत. शिंपल्यांचा ताजमहाल, मण्यांची तोरणं, लोकरीचे ससे, असलं मुलीच्या हातचं काहीबाही आणि जोडीला लाडू-चिरोट्यांची ताटं टेबलावर मांडून ठेवायची, आणि मुलाकडच्या बायकांनी येऊन नाकं मुरडायची, अशी पद्धत. माझ्यापाशी मांडण्यासारखं एकच होतं. कल्याणला मुलींच्या शाळेत मी तात्पुरत्या जागेवर भूगोल शिकवत असे आणि डोळे मिटून कुठल्याही खंडाचा किनारा काढू शकत असे. म्हणून मी रुखवतात नकाशा मांडला. त्या नकाशापायी माझं लग्न मोडायची वेळ आली, आणि ती का आली हे सांगायचं तर दोन वर्षं मागे जायला हवं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. डोंबिवलीत घरांपेक्षा भातखाचरं जास्त, दिवे कमी आणि डास भरपूर. करमणूक म्हणाल तर वाचनालय. उन्हाळ्यात तिथे व्याख्यानं होत आणि विषय कुठलाही असो, सगळं गाव जाई, कारण घरात एकट्याने उकडून घेण्यापेक्षा तिथे चारचौघांत उकडलेलं बरं. त्या वर्षी पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. तीन दिवस बोलायचं होतं आणि विषय होता, माणूस पृथ्वीवर कसा पसरला. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी माणसाला आफ्रिकेतून, आशियातून, युरोपातून फिरवून आणलं. तिसऱ्या दिवशी अमेरिका उरली.

ते म्हणाले, आशिया आणि अमेरिका यांच्यामधला उत्तरेकडचा समुद्र उथळ आहे. हिमयुगात पाणी बर्फात अडकून पडलं, समुद्र खाली गेला आणि मधली जमीन उघडी पडली. तिच्यावरून जनावरं पलीकडे गेली आणि जनावरांच्या मागे शिकारी गेले. आता ते कधी गेले, यावर मात्र पंडितांची जुंपली आहे. कुणी म्हणतं दहा-बारा हजार वर्षांपूर्वी, कारण नामशेष झालेल्या एका जनावराच्या बरगड्यांत माणसाच्या हातचं दगडी भाल्याचं टोक सापडलं आहे. कुणी म्हणतं त्याच्याही कितीतरी आधी. कोळशाच्या तुकड्यावरून त्याचं वय काढायची नवी युक्ती निघाली आहे, तिच्यामुळे पुढेमागे कळेल. आज तरी ठामपणे सांगता येत नाही, असं म्हणून ते पाणी प्यायले.

अध्यक्ष माझे बाबा होते. हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवत. घराणं मूळ वाईकडचं, आणि स्वभाव असा की पुराव्याशिवाय त्यांनी कधी सूर्योदयसुद्धा मान्य केला नसता. मांजरानं दुधात तोंड घातलं असं आई म्हणाली की ते विचारत, "पाहिलंस का?" बिचारीनं न पाहता पुष्कळ दूध ओतून दिलं होतं आणि त्याबद्दल ऐकूनही घेतलं होतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तशी तिसऱ्या रांगेतून एक उंच गृहस्थ उभे राहिले. भर एप्रिलात हातात छत्री. हे ठाण्याचे, मिठाच्या खात्यातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी खाडीकाठच्या मिठागरांवर भरती-ओहोटी बघत काढलेली. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठेही व्याख्यान असलं की ते हजर असत आणि वक्ते त्यांची छत्री ओळखून होते. हेच पुढे माझे सासरे झाले. आमच्याकडे सासऱ्यांना मामंजी म्हणतात, तेव्हा मी आत्तापासूनच तसं म्हणते.

मामंजी म्हणाले, "पाणी ओसरलं की माणूस त्याच ओहोटीला पलीकडे जातो. मी उभा जन्म हेच पाहिलं. इतकी हजारो वर्षं जमीन उघडी होती, तर माणूस अलीकडच्या काठावर बसून करत काय होता?"

बाबांनी अध्यक्षांची घंटी वाजवली. "याला पुरावा काय?"

"अक्कल," मामंजी म्हणाले.

झालं. बाबा बारा हजारांवर ठाण मांडून बसले आणि मामंजी पंचवीस-तीस हजारांच्या खाली उतरेनात. प्राध्यापकांना कल्याणहून पुण्याची गाडी गाठायची होती. ते गळ्यातला हार काढून हळूच निघून गेले, त्यांना पोचवायला कुणी गेलं नाही, आणि ते गेल्याचं या दोघांना अर्ध्या तासानं कळलं.

पुढच्या रविवारी मामंजी आमच्या दारात उभे. बगलेत मासिकांचा गठ्ठा. बाबांनी त्यांना बसायला सांगण्याआधी त्यातला एक उतारा वाचला आणि तुम्ही याचा अर्थ चुकीचा लावला आहे असं सांगितलं. मग दर रविवारी ते येऊ लागले. आई आधी कुरकुरायची, मग त्यांच्यासाठी चहात आलं जास्त घालू लागली. बाबांना गावात मान होता पण मित्र नव्हता. सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत आणि त्यांच्याशी वाद घालायचं टाळत. मामंजीही मास्तरच म्हणत, पण टाळत काहीच नसत. रविवारी सकाळी बाबा दाढी लवकर उरकत हे आईच्या लक्षात आलं होतं.

एका रविवारी मामंजी त्यांना प्रात्यक्षिक दाखवायला कोपरच्या बाजूला खाडीवर घेऊन गेले. ओहोटीला माणूस कसा आपसूक पलीकडे जातो ते दाखवायचं होतं. मीठखात्याच्या माणसाला चिखल कळतो, पण मास्तरांच्या धोतराला कळत नाही. बाबा पंधरा पावलांवर गुडघ्यापर्यंत रुतले, त्यांना ओढायला गेलेले मामंजीही रुतले, आणि त्याच अवस्थेत वाद पुढे चालू राहिला. शेवटी तिथल्याच एका आगरी शेतकऱ्यानं फळी टाकून दोघांना बाहेर काढलं. तुम्ही निघाला होतात कुठे, असं त्यानं विचारलं. मामंजींनी त्याला इत्थंभूत सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मानूस म्हावऱ्याच्या मागं गेला आसंल. तारीख कोन लिवून ठेवतंय?" बाबा त्या दिवशी एक चप्पल खाडीला देऊन घरी आले. अंगणात पाय धुताना ते आईला म्हणाले की प्रयोग फसला, म्हणजे मुद्दा त्यांचाच खरा ठरला.

माझा या सगळ्यात संबंध इतकाच की त्या व्याख्यानांचा सारांश वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी मी लिहिला होता. मामंजींनी तो आमच्या ओसरीवर बसून दोनदा वाचला. नंतर ते बाबांना म्हणाले, "मास्तर, तुमची मुलगी ऐकते तेच लिहिते. हा गुण तुमच्यात नाही." सहा महिन्यांनी त्यांनी आपल्या मुलासाठी मला मागणी घातली.

बाबांना ते पटेना. हा माणूस आपला साक्षीदार फोडतो आहे, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणाली, चालून आलेलं स्थळ आहे, मुलगा ठाण्याच्या कारखान्यात नकाशे काढतो, निर्व्यसनी आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

मला बघायला आले तेव्हा दोघे वडील तब्बल दीड तास भांडले. मला कुणी गायला सांगितलं नाही, कुणी स्वयंपाक येतो का विचारलं नाही, चालून दाखव म्हणालं नाही. ह्यांनी आणि मी त्या दीड तासात एकमेकांना निवांत पाहून घेतलं. मधे एकदा ह्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्याकडे रोज असंच असतं?"

"फक्त रविवारी," मी म्हटलं.

"आमच्याकडे रोज असतं," हे म्हणाले आणि इतक्या दुःखानं म्हणाले की मला तिथेच पसंत पडले.

लग्नाची बोलणी करायला माझे थोरले काका आले. ते व्यवहारी माणूस. कुणाला उपरणं, कुणाला लुगडं, वऱ्हाडाची आंघोळीची सोय काय, अशी यादी लिहिता लिहिता त्यांनी दोन्ही व्याह्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि शेवटी एक कलम आपल्या मनानं घातलं. अक्षता पडेपर्यंत उभयपक्षी अमेरिकेचा विषय निघणार नाही. दोघांनी त्याखाली सही केली. आईनं देवापुढे साखर ठेवली.

आता माझा नकाशा. लाकडी फळीवर आशियाचं टोक आणि अमेरिकेचं टोक, दोन्ही मी रंगवलेल्या लगद्याची केली. समुद्र म्हणून नीळ घातलेले तांदूळ. मधली बर्फाची वाट पिठीसाखरेची आणि तिच्यावर खडीसाखरेचे डोंगर. हत्ती होते सुपाऱ्यांचे, त्यांना कापसाची लव. माणसं लवंगांची केली. लवंगेला डोकं असतं, त्यामुळे माणूस म्हणून ती चालून जाते. सतरा लवंगा मी ओळीनं आशियातून अमेरिकेकडे चालवल्या होत्या आणि शेवटच्या लवंगेच्या पाठीवर एक मोहरी चिकटवली होती, ते मूल. मला ते इतकं आवडलं होतं की त्या मोहरीसाठी मी दोन संध्याकाळी घालवल्या. कधी गेले, ते मी कुठेही लिहिलं नव्हतं. सही मीही पाळत होते.

पण रुखवताला चिठ्ठ्या लावायचं काम बाबांकडे होतं, कारण त्यांचं अक्षर देखणं. 'अनारसे', 'सांजोऱ्या', 'शेवया' अशा चिठ्ठ्या लिहीत लिहीत ते नकाशापाशी आले. तिथे कार्डावर त्यांनी टाकानं लिहिलं: 'मानवाचे अमेरिकेत आगमन. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी.' खाली रेघ मारली.

लग्न बाबांच्याच शाळेत होतं. मे महिना, सुट्टी, त्यामुळे हॉल मिळाला होता आणि मैदानापलीकडचे वर्ग वऱ्हाडाला जानवसा म्हणून दिले होते. ठाणं काही फार लांब नाही, पण मुलाकडची माणसं रामेश्वराहून आल्यासारखी थकून उतरली, कारण तसं थकायचा मान असतो. आदल्या दिवशीचं सीमांतपूजन निर्विघ्न झालं. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराचा.

सकाळी मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. ह्यांच्या आत्याबाईंनी अलास्काचा एक खडा तोंडात टाकला, साखर चांगली आहे म्हणाल्या, आणि परत जाऊन आपल्या भावाला सांगितलं की तिकडे तुझी अमेरिका मांडली आहे. एरवी पुरुषमाणूस रुखवताकडे ढुंकून पाहत नाही. मामंजी आले. त्यांनी कार्ड वाचलं. चष्मा उपरण्यानं पुसून परत वाचलं. मग मैदान ओलांडून गेले आणि सातवीच्या वर्गात मास्तरांच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी लग्नाला येत नाही, असं त्यांनी तिथूनच कळवलं.

आता आमच्याकडची माणसं काही घाबरली नाहीत. मुलाच्या बापानं रुसायचं असतंच. उलट अजून कसे रुसले नाहीत, म्हणून काका जरा काळजीतच होते. ते नारळ आणि उपरणं घेऊन गेले. मामंजी म्हणाले, नको. काका परत येऊन चांदीची वाटी घेऊन गेले. नको. आंघोळीचं पाणी गार होतं का? नव्हतं. चहा उशिरा आला का? वेळेवर आला. काकांनी जमलेल्या मंडळींना विचारलं, मग नेमकं राहिलं काय? मामंजी कशावर रुसलेत ते त्यांच्या मंडळींनाही ठाऊक नव्हतं, पण विचारलंच आहे तर प्रत्येकानं आपापलं सांगून घेतलं. आत्याबाईंना वेगळी खोली हवी होती, ती मिळाली. एका चुलत्याला काल कुंकू लावायचं राहिलं होतं, त्याला नारळासकट लावलं. ह्यांच्या मावसभावाला दोनदा शिरा मिळाला. तासाभरात अख्खं वऱ्हाड संतुष्ट झालं आणि फक्त मामंजी तेवढे खुर्चीवर तसेच राहिले.

मी हॉलशेजारच्या खोलीत पिवळं लुगडं नेसून, मुंडावळ्या बांधून गौरीहरापुढे बसले होते. मुलीनं तिथे देवीची पूजा करत बसायचं आणि मुहूर्ताला बोलावतील तेव्हाच उठायचं. पातळ भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं. हे वडिलांकडे जाऊन आले ते कळलं. मामंजी त्यांना म्हणाले, तू गप्प बस, तुला यातलं काही कळत नाही. हे म्हणाले, म्हणूनच तर म्हणतो चला.

मग काका धापा टाकत आले. त्यांना अखेर कारण कळलं होतं. मामंजींचं म्हणणं असं की सही करून करार मोडला, तोही माझ्या मुलाच्या लग्नात, माझ्या पाहुण्यांसमोर, आणि तोही खोटं लिहून. मास्तरांनी आकडा बदलावा, नाहीतर आपण आपल्या मुलाला घेऊन चाललो. काकांनी बाबांना कार्ड फाडून टाकायला सांगितलं.

"करार बोलायचा होता," बाबा म्हणाले. "मी बोललो नाही. लिहिलं."

काकांनी कपाळाला हात लावला. सव्वाअकरा झाले होते. भटजी घड्याळ बघून खाकरत होते. काका म्हणाले, अरे एक आकडा, कोण बघतंय. बाबा म्हणाले, मी बघतोय. चूक असेल तर त्यांनी दाखवून द्यावी, मी आनंदानं खोडीन, पण न दाखवता खोडणार नाही. मला आतून ऐकताना एकीकडे रडू येत होतं आणि दुसरीकडे बाबांचा अभिमान वाटत होता. दोन्हीचा रागही येत होता. हे लग्न मला हवं होतं. दीड तास पाहिलेला तो माणूस मला फार हवा होता.

तेव्हा आई बोलली. दोन वर्षांत या विषयावर तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"त्या लोकांना पोचून बारा हजार वर्षं झाली असतील नाहीतर तीस हजार, ते पोचलेत," ती म्हणाली. "माझी मुलगी अजून दारात बसली आहे."

मला पावलं ऐकू आली. मी खिडकीतून पाहिलं तर बाबा उन्हातून मैदान ओलांडत निघाले होते. एका हातात ते कार्ड, दुसऱ्यात दौत आणि टाक. टोपी त्यांनी काढून काखेत धरली होती. मुलीचा बाप व्याह्यासमोर जाताना टोपी काढतो ती पायावर ठेवायला, हे मला माहीत होतं. शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढेसुद्धा ती टोपी कधी उतरली नव्हती.

मी उठले. माझी मावशी ओरडली, अगं, गौरीहरावरून उठतेस काय. मी मुठीतल्या अक्षता तिच्या ओंजळीत टाकल्या आणि निघाले. मुंडावळ्या घातलेली नवरी भर मैदानातून तरातरा जाते आहे हे डोंबिवलीनं तोवर पाहिलं नव्हतं. मंडपवाले बांबूवरून बघत राहिले.

मी सातवीच्या दारात पोचले तेव्हा मामंजी खुर्चीवर होते आणि बाबा त्यांच्यासमोर उभे होते. तो बाबांचाच वर्ग. गृहपाठ न आणलेली मुलं जिथे उभी राहत, नेमके तिथेच बाबा उभे होते. टोपी टेबलावर मामंजींपुढे ठेवलेली. त्यांनी दौतीत टाक बुडवला, कार्डावरचे बारा हजार अजून तसेच होते, आणि ते म्हणाले,

"किती लिहू?"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात वाद नव्हता, चीड नव्हती, काही नव्हतं. दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तसं त्यांनी विचारलं. मला वाटलं, हे ऐकण्यापेक्षा आपण जन्मभर आशियातच राहिलेलं बरं.

"लिहू नका, बाबा," मी म्हटलं.

दोघांनी वळून पाहिलं. मी आत गेले आणि मामंजींसमोर उभी राहिले. वर्गात मुलींना ओरडायची सवय होती ती कामी आली. मी म्हटलं की त्या व्याख्यानाचा सारांश माझ्या हातचा आहे. त्यात शेवटचं वाक्य आहे, आज तरी ठामपणे सांगता येत नाही. तुम्ही दोघांनी सारांश दहादा वाचलात आणि दर वेळी तेच वाक्य गाळलंत. तुम्हाला माहीत नाही आणि बाबांनाही माहीत नाही. "आणि मुलीचा बाप म्हणून त्यांच्याकडून आकडा लिहून घेणार असाल," मी म्हटलं, "तर मला हे लग्न करायचं नाही."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते मला कळलं. दारात हे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दोन वर्षं मामंजी ज्यासाठी दर रविवारी ठाण्याहून येत होते ते त्यांच्यासमोर उभं होतं, टाक हातात घेऊन. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही दिसेना. चिखलात रुतले होते तेव्हाही ते इतके कानकोंडे झाले नसतील. ते उठले, टेबलावरची टोपी उचलली, तिच्यावरचा खडू झटकला आणि स्वतःच्या हातानं बाबांच्या डोक्यावर ठेवली. जरा वाकडीच बसली.

"मास्तर, हे असं हरू नका," ते म्हणाले. "असं हरलात तर मी उद्यापासून भांडू कुणाशी?"

बाबांनी टाक पुसला. दोघांपैकी कुणी माफी मागितली नाही. मामंजींनी कार्ड घेतलं, हॉलमध्ये आले आणि होतं तिथेच साखरेला टेकवून ठेवलं, बारा हजारांसकट. एव्हाना नकाशाला मुंग्या लागल्या होत्या. आशियाच्या बाजूनं रांग निघाली होती आणि पहिल्या मुंग्या अमेरिकेत उतरूनही गेल्या होत्या. मामंजी वाकून बघू लागले. हा घ्या पुरावा, ते म्हणाले, वाट उघडली की कुणी थांबत नाही, सकाळपासून आत्तापर्यंत पोचल्यासुद्धा. बाबा म्हणाले, त्यांना पलीकडे साखर दिसत होती, माणसाला काय दिसत होतं? काकांनी दोघांच्या मधे उभं राहून यादीतलं कलम मोठ्यानं वाचून दाखवलं.

साडेअकराचा मुहूर्त टळलाच होता. भटजींनी पंचांग उलटंसुलटं करून पाऊण तासानंतरचा एक काढला आणि तो आधीच्यापेक्षा जास्त शुभ असल्याचं सांगितलं. अंतरपाटाच्या अलीकडे मी उभी होते, मंगलाष्टकं चालू होती आणि मला रडू आवरत नव्हतं. बायका एकमेकींना म्हणाल्या, माहेर सुटणार ना, साहजिक आहे. मुलगी डोंबिवलीहून ठाण्याला चालली होती. पण त्यांना काय माहीत. माझ्या कानात बाबांचा तो आवाज होता.

पुढे रविवार पुन्हा सुरू झाले, कधी आमच्याकडे तर कधी माहेरी. मी मामंजींच्या गटात गेले नाही, बाबांच्याही राहिले नाही. दोघेही मला फितूर म्हणत. नवीन काही छापून आलं की आकडा कधी पुढे सरके, कधी मागे, आणि ज्याच्या बाजूनं सरके तो त्या आठवड्यात रविवारची वाट न बघता मधल्या वारीच येऊन थडके. ह्यांना असल्या वादात बसल्या बसल्या झोप लागे. तेवढं सोडलं तर माझा संसार सुखाचा झाला.

लग्नाची ही गोष्ट आमच्या दोन्ही घरांत शेकडो वेळा सांगून झाली आहे. मामंजी सांगत तेव्हा मुंग्या असत. काका सांगत तेव्हा ते कलम असे आणि मावसभावाचा शिरा असे. आई आपलं वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून वाट बघे. बाबासुद्धा रंगवून सांगत, मी मैदानातून कशी तरातरा आले ते उठून चालून दाखवत आणि पोरं हसून लोळत. फक्त त्या वर्गात त्यांनी काय विचारलं, तेवढं ते कधी सांगत नसत. तिथे आले की म्हणत, "मग मी गेलो समजवायला," आणि पुढे जात. मामंजींनीही ते कधी कुणाला सांगितलं नाही. मीही इतकी वर्षं तिथे आले की बाबा म्हणत तेच म्हणत आले. आज पहिल्यांदा होतं तसं लिहिलं.